झेंडाया मालिकेतूनच गेली, पण कशी गेली?

ठाण्याहून एका आईंचं पत्र आलं आहे, विषय आहे त्यांची लेक आणि तिची लाडकी हॉलिवूड अभिनेत्री झेंडाया. थोडं आटोपशीर करून देते:

'माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. दहावीच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर सहज ऑडिशनला गेली आणि कॉलेजच्या मुलामुलींवरच्या एका मालिकेत तिला नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम मिळालं. मालिका वर्षभर चालली. अकरावी कशीबशी पार पडली. आता त्याच निर्मात्यांनी नव्या मालिकेत मुख्य भूमिका देऊ केली आहे. रोजची मालिका, दोन वर्षांचा करार. काम जवळजवळ आधीसारखंच, अल्लड, बडबडी, घरभराची लाडकी. लेक म्हणते, बारावीचं नंतर बघू. "झेंडायाही डिस्नेच्या मालिकेतूनच स्पायडर-मॅनमध्ये गेली ना?" झेंडाया मुंबईत निळी साडी नेसून आली होती, तो फोटो हिच्या कपाटावर चिकटवलेला आहे. तिचे बाबा म्हणतात, पुरे झालं, आता हे सगळं बंद. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. मला दोघांचंही थोडं पटतं. झेंडायाचं उदाहरण आपल्याला लागू पडतं का? आम्ही सही करावी का?'

ताई,

तुमच्या लेकीने उदाहरण विचारपूर्वक निवडलं असो वा नसो, निवडलंय फार चांगलं. झेंडायाचा प्रवास मी बरीच वर्षं बघते आहे आणि मला ती मनापासून आवडते. त्यामुळे 'अगं, ते हॉलिवूड, आपलं तसं नसतं' असं म्हणून मी तो विषय बाजूला सारणार नाही. उलट तो नीट, सगळा सांगते. तुमच्या लेकीला त्यातली सुरुवात आणि शेवट माहीत आहे. तुम्हा तिघांना आज गरज आहे ती मधल्या भागाची.

ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची. आई-वडील दोघंही शिक्षक. आई उन्हाळ्यात जवळच्याच एका खुल्या नाट्यगृहात काम करायची, तिथे शेक्सपिअरची नाटकं होत. ही लहानगी तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायची, तिकिटं विकायची आणि नाटकं बघत बसायची. पुढे कामाची शक्यता दिसल्यावर वडील तिच्याबरोबर लॉस एंजेलिसला राहायला गेले आणि आई नोकरी सांभाळत ओकलंडमध्येच राहिली. म्हणजे त्या घरानेही तुमच्यासारखीच ओढाताण सोसली आहे. पण पगार चालू होता. मुलीच्या कमाईवर घर चाललं पाहिजे अशी वेळ त्यांनी येऊ दिली नाही, आणि पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी मला हेच दिसतं. ज्या घराला पैशाची निकड असते त्या घराला समोरच्याला 'नाही' म्हणता येत नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये डिस्ने चॅनेलवर 'शेक इट अप' सुरू झाली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. शिकागोतल्या दोन मैत्रिणी, त्यांचा टीव्हीवरचा नाच, शाळेतल्या गमती. झेंडाया त्यातली रॉकी, दोघींपैकी शहाणी. तीन सीझन चालून २०१३ मध्ये मालिका संपली. या प्रकारच्या मालिकेत मुलं खूप शिकतात, हे तुमच्या यजमानांनाही सांगा. वेळेवर पोहोचणं, पाठांतर, दिव्याखाली ठरलेल्या खुणेवर बरोबर उभं राहणं, तोच शॉट त्याच ताकदीने पुन्हा देणं, समोरच्याचं वाक्य ऐकून मग बोलणं. तुमच्या लेकीनेही वर्षभरात हे कमावलं असणार. ते वाया गेलेलं नाही.

पण अशा मालिकेची एक खोडही असते. प्रत्येक वाक्यावर हशा यायला हवा, म्हणून चेहरा मोठा होतो, भुवया वर जातात, आवाज चढतो, हशा येईपर्यंत थांबायची सवय लागते. आपल्याकडच्या रोजच्या मालिकेत हशाच्या जागी रिअॅक्शन असते. कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर येतो आणि मुलगी तीनदा तेच आश्चर्य देते. सोळाव्या वर्षी अंगात बसलेली ही लकब सव्विसाव्या वर्षी काढायला फार मेहनत पडते. म्हणून 'काम जवळजवळ आधीसारखंच' हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला बारावीच्या प्रश्नाइतकंच काळजीचं वाटलं.

आता तो मधला भाग.

'शेक इट अप' संपल्यावर डिस्नेला ती पुन्हा हवी होती. नवी मालिका, मुख्य भूमिका. ती तेव्हा सोळा वर्षांची, बरोब्बर तुमच्या लेकीएवढी. त्या वयात समोरून आलेल्या मुख्य भूमिकेला कोण काय विचारतं? तिने विचारलं. चॅनेलच्या बड्या मंडळींसमोर बसून अटी घातल्या. मी निर्माती असेन. मालिकेचं ठरवलेलं नाव 'सुपर ऑसम केटी' होतं, ते तिने बदलायला लावलं. नायिकेला गाता येता कामा नये, नाचता येता कामा नये, अभिनयही येता कामा नये. ती हुशार असेल, मारामारीत तरबेज असेल आणि चारचौघांत अवघडणारी असेल. शिवाय पडद्यावरचं कुटुंब कृष्णवर्णीय असेल, कारण चॅनेलवर तशी कुटुंबं फारशी दिसत नाहीत. यातून 'के. सी. अंडरकव्हर' तयार झाली. ती २०१५ च्या जानेवारीत सुरू झाली आणि २०१८ पर्यंत चालली.

यातली गाण्या-नाचाची अट मला सगळ्यांत जास्त भावते. नाचामुळेच तर ती लोकांना माहीत झाली होती. 'डान्सिंग विथ द स्टार्स' या टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत २०१३ साली ती दुसरी आली होती. जे हमखास विकलं जातं तेच बाजूला ठेवून, जे अजून येत नाही ते करायला मिळावं यासाठी तिने आपलं वजन खर्च केलं. आणि हे कधी केलं? टीव्ही सोडून नव्हे, टीव्हीतच राहून, आणि चॅनेलला तिची गरज होती नेमक्या त्या दिवसांत. कलाकाराच्या आयुष्यात असे दिवस थोडे येतात. तुमच्या लेकीचे आत्ता, या आठवड्यांत चालू आहेत. निर्माते तिच्याकडे आलेत, ती त्यांच्याकडे गेलेली नाही. सही झाली की ही स्थिती उलटते.

आणखी एक गोष्ट लेकीला सांगा. त्याच २०१५ साली, मुख्य भूमिका आणि निर्मितीची जबाबदारी सांभाळत, झेंडायाने शाळाही पूर्ण केली. शिक्षकांच्या घरातली मुलगी म्हणून असेलही. पण 'नंतर बघू' असं तिने म्हटलं नाही.

आता स्पायडर-मॅन. 'स्पायडर-मॅन: होमकमिंग' २०१७ च्या जुलैमध्ये आला. ऑडिशनला ती मेकअपशिवाय, साध्या कपड्यांत गेली होती. निर्मात्या एमी पास्कल यांनी पुढे सांगितलंय की ही मुलगी टीव्हीवर प्रसिद्ध आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणजे जिच्या नावावर चॅनेल चालत होतं, तिची निवड झाली ती समोर उभं राहून केलेल्या कामावर. लोकप्रियतेचा तिथे काही उपयोग झाला नाही. तुमच्या लेकीचे रील्सवरचे फॉलोअर्स किती वाढले याचा हिशेब तुम्ही पत्रात दिलाय, मी तो वर घेतला नाही. त्याचं कारण हे.

आणि भूमिका केवढी? मोजके प्रसंग. एका प्रसंगात शाळा सुटल्यावर शिक्षा म्हणून बसवलेल्या मुलांच्या वर्गात मिशेल, म्हणजे झेंडाया, वही घेऊन बसलेली आहे. शिक्षक म्हणतात, तुला तर शिक्षा नाहीये. ती शांतपणे सांगते की संकटात सापडलेल्या माणसांची चित्रं काढायला आवडतात म्हणून येते, आणि काढलेलं चित्र दाखवते. बस्स. चेहरा हलत नाही, हशासाठी थांबणं नाही, भुवया जागच्या जागी. 'शेक इट अप'चा कुठलाही भाग आणि हा प्रसंग पाठोपाठ बघा, लेकीबरोबर बसून बघा. एकाच मुलीने काय काय टाकून दिलं ते दिसेल. ते टाकून देण्याची सुरुवात तिने सोळाव्या वर्षीच, 'मला अवघडणारी मुलगी करायची आहे' असं म्हणून केली होती.

त्या चित्रपटाच्या शेवटी कळतं की मित्रमंडळी तिला एमजे म्हणतात (स्पायडर-मॅनच्या कथांतल्या त्याच्या प्रेयसीचं हे नाव), आणि मग २०१९ आणि २०२१ च्या चित्रपटांत ती भूमिका मोठी होत गेली. लक्षात घ्या, 'होमकमिंग' थिएटरात लागला तेव्हा तिची डिस्नेची मालिका चालूच होती. म्हणजे 'आधी मालिका, मग ती सोडायची, मग सुपरहिरो' असा जिना तुमच्या लेकीच्या डोक्यात असेल तर तो तिच्या लाडक्या नटीच्याही आयुष्यात नव्हता. 'ड्यून' या चित्रपटाच्या पहिल्या भागात, २०२१ साली, ती जेमतेम सात मिनिटं आहे. स्पायडर-मॅनमुळे जगभर ओळख झाली होती, तरी सात मिनिटं घेतली. दुसऱ्या भागात, २०२४ मध्ये, चित्रपटाचा अर्धा भार तिच्यावर आहे. काम चांगलं आणि माणसं चांगली असतील तर लांबी न मोजणं, हा गुण मला तिच्यात सतत दिसतो.

तिला एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळाली तीही परत टीव्हीतच येऊन. सुपरहिरो चित्रपटाने जगभर चेहरा पोहोचवला, पण अभिनेत्री म्हणून तिला मान मिळवून दिला तो २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'युफोरिया'ने. व्यसनात अडकलेली रू ही शाळकरी मुलगी तिने केली. २०२० मध्ये चोविसाव्या वर्षी तिला नाट्य-मालिकेतल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्या विभागात तोवर इतक्या लहान वयात तो कुणालाच मिळाला नव्हता. करोनाचे दिवस होते, मंचावर जायचं नव्हतं, घरच्यांच्या गराड्यात तिने तो स्वीकारला. २०२२ मध्ये पुन्हा मिळाला. दुसऱ्या सीझनमधल्या एका भागात रू घरात आईशी भांडते. आधी ओरडते, दार तोडायला निघते, नको ते बोलते, मग एकदम लहान मूल होऊन माफी मागते आणि पुन्हा भडकते. आई-बहिणीची भीती आणि तिची लाज एकाच खोलीत दिसते. हे काम बघताना माझ्या पोटात कालवलं होतं. (ही मालिका मोठ्यांसाठीची आहे, सोळाव्या वर्षी लेकीला दाखवू नका. तुम्ही मात्र बघितलीत तर तिला नेमकं काय हवंय ते कळेल.)

मग उदाहरण लागू पडतं का? नशिबाचा भाग मी नाकारत नाही. डिस्नेच्या मालिकांत काम केलेली किती तरी मुलं आज कुठे आहेत हे कुणाला आठवतही नाही. त्यामुळे 'ती पोहोचली, मीही पोहोचेन' हे लागू पडत नाही. तिने सोळाव्या वर्षी बड्या मंडळींसमोर बसून जे मागितलं ते मात्र लागू पडतं, शंभर टक्के.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण तो थेट तुमच्या सहीशी जोडलेला आहे. कॅलिफोर्नियात अल्पवयीन कलाकारांसाठी कायदा जुना आणि कडक आहे. जॅकी कूगन नावाचा बालकलाकार १९२१ मध्ये चॅप्लिनबरोबर चमकला, त्याने लहानपणी लाखो डॉलर कमावले आणि मोठा झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी ते उडवले. तो कोर्टात गेला, हाती फारच थोडं लागलं, पण त्यातून १९३९ मध्ये कायदा झाला. मुलाच्या कमाईतले १५ टक्के वेगळ्या खात्यात जातात, त्याला कुणी हात लावायचा नाही. शाळकरी वयातल्या मुलांना सेटवर दिवसाला तीन तास शिकवावं लागतं, शिक्षक नेमावा लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचं काम शाळेच्या दिवशी सहा तासांचं. झेंडायाची शाळा पूर्ण झाली त्यामागे तिची जिद्द होती तशी ही चौकटही होती.

आपल्याकडेही २०१७ पासून नियम आहेत. बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. चांगले नियम आहेत. पण या कायद्यात बालक म्हणजे चौदा वर्षांखालचं. तुमची लेक सोळाची. ती त्या छत्रीबाहेर आहे आणि अठरा पूर्ण व्हायची आहेत म्हणून करारावर सहीसुद्धा तुमचीच लागणार. म्हणजे जे संरक्षण कायदा देत नाही ते करारात तुम्हीच लिहून घ्यायचं आहे. तोंडी कबुलीला अर्थ नाही. युनिटमधली माणसं चांगली असतात, पण टेलिकास्टला एपिसोड कमी पडले की चांगल्या माणसांचाही नाइलाज होतो.

तेव्हा आहे त्या करारावर सही करू नका, आणि निर्मात्यांना नकारही कळवू नका. बोलणी करा. पहिली अट बारावीची. परीक्षेआधीची आणि परीक्षेची सुट्टी तारखांसकट लिहून घ्या. कॉलेजचा प्रवेश रद्द करू नका. हजेरीचं अगदीच जमत नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते, पण तो शेवटचा मार्ग. दुसरी अट तासांची: कॉल टाइमपासून (सेटवर हजर व्हायच्या वेळेपासून) पॅकअपपर्यंत किती तास, आठवड्यातली सुट्टी कोणती, रात्री उशीर झाला तर घरी सोडायची जबाबदारी कुणाची, आणि अठरा होईपर्यंत घरचं एक माणूस सेटवर असणारच. तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती, दोन वर्षांच्या बांधिलकीची. या काळात दुसरं काहीच करायचं नाही असं कलम बहुधा असेल. त्यात कॉलेजची एकांकिका, प्रायोगिक नाटक आणि चित्रपटातलं छोटं काम यांना सूट मागा. मराठीतली कितीतरी चांगली नटमंडळी कॉलेजच्या एकांकिकांतून घडली आहेत. झेंडायाला मोठ्या पडद्यावर जाताना जे टाकून द्यावं लागलं ते टाकायला आपल्याकडे याहून चांगली जागा मला माहीत नाही. एक वर्षानंतर करारातून बाहेर पडायची वाट असेल तर उत्तम. पैसे किती दिवसांनी मिळणार हेही विचारा. नव्वद दिवस ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे, त्याहून लांबवू देऊ नका. आणि २० टक्क्यांचा नियम तिच्या वयाला लागू नसला तरी तुम्ही पाळा, जमलं तर त्याहून बरंच जास्त तिच्या नावे ठेवा.

भूमिकेबद्दल मात्र लेकीने स्वतः बोलावं, तुम्ही नाही. तिला निर्माती कुणी करणार नाही, तो हट्टही नको. पण लेखक-दिग्दर्शकांशी एक बैठक ती मागू शकते. 'मी धाकटी बहीण केली, आता या मुलीत मला वेगळं काय करता येईल?' असा साधा प्रश्न. त्या मुलीला एखादं काम येत असावं, एखादं गुपित असावं, कधी तरी तिचं चुकावं. चांगला लेखक अशा प्रश्नाने खूश होतो. प्रश्नच आवडला नाही असं दिसलं, तर दोन वर्षं काय मिळणार आहे ते तुम्हाला त्याच खोलीत कळेल.

यातलं त्यांनी काय मान्य केलं तर सही करावी, हे विचाराल. बारावी, तास आणि सोबतचं माणूस या तीन गोष्टींत तडजोड नको. त्या नाकारल्या तर मालिका कितीही मोठी असो, सोडा. बांधिलकीच्या बाबतीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. सोळाव्या वर्षी एक मालिका हुकली तर फार बिघडत नाही. आणि या अटी मान्य होऊन काम मिळालं, तर मग तिला मोकळ्या मनाने जाऊ द्या, घरी आल्यावर टोमणा नको.

राहिले तिचे बाबा. ते बँकेत कर्जविभागात आहेत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे करारातली बारीक अक्षरं वाचणं त्यांचं रोजचं काम. करार तुम्ही वाचू नका, त्यांच्या हाती द्या आणि लेकीला शेजारी बसवा. प्रत्येक कलम त्यांनी तिला समजावून सांगायचं, आणि 'मला हे हवं, हे नको' असं तिने समासात पेन्सिलीने लिहायचं. तो कागद घेऊन निर्मात्यांकडे तिघंही जा. बोलणं तिला सुरू करू द्या. वकिलाला दाखवायचाच असेल तर त्यानंतर, सहीच्या आधी दाखवा. मनोरंजन क्षेत्रातले करार पाहणारा वकील असेल तर बरं, नातेवाइकांतला कुणीही नको.